उम्मुलखैरचे एक्केचाळीस नवरे

लल्ला मन्नूबिया (आमच्याकडे बाईंना आदराने 'लल्ला' म्हणतात, पुरुषांना 'सी') शाळेच्या कचेरीतून निवृत्त होऊन आमच्या ट्यूनिसच्या वाचनालयात टायपिंगला आल्या, त्या माझ्यामुळे. मी पडलो संशोधक. जुन्या चरित्रसंग्रहांतल्या दोन हजार बायका संगणकात भरायच्या आणि कोण कोणाला ओळखत होती याचं जाळं काढायचं, ही माझी योजना. वाचायचं लल्लांनी, टाइप करायचं लल्लांनी. निष्कर्ष तेवढे मी काढायचे.

वर्षभराने पडद्यावर जाळं उमटलं. मधोमध भोपळ्याएवढा ठिपका: उम्मुलखैर. कैरोपासून फेझपर्यंत हिच्या ओळखी! इतिहासाने विसरलेली महान विदुषी मला सापडली होती. मी परिषदेला निबंध कळवला, नवा कोटही शिवायला टाकला.

लल्ला चहाचा पेला घेऊन पडद्याशी आल्या.

"सी शाजली, ही बाई जगली तरी किती?"

मी आकडा पाहिला. तीनशे दहा वर्षं.

"आणि नवरे?"

"एक्केचाळीस," मी पुटपुटलो.

"अगं बाई! मला एक आवरला नाही." पेला ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, उम्मुलखैर आमच्या एका गल्लीत चार निघतील. प्रत्येकीचा बाप, गाव, सगळं शेवटच्या रकान्यात लिहिलंय मी."

तो रकाना मी 'किरकोळ' म्हणून गाळला होता. मग संगणकाने त्या नावाच्या साऱ्या बायका एकच धरल्या.

"निबंध मागे घेतो," मी म्हणालो.

"आणि कोटाचं काय करणार? बसा इथे."

परिषदेला नऊ दिवस होते. आता लल्ला सांगायच्या आणि मी टाइप करायचो. "बोटं आहेत की लाकडं?" असं दर तासाला ऐकून घ्यायचो. स्फाक्स शहरातल्या एका उम्मुलखैरवर एकच ओळ होती: मुलींना वाचायला शिकवायची, फार तापट होती. लल्लांनी ती ओळ दोनदा वाचली. "हिचं नाव नीट लिहा," एवढंच म्हणाल्या.

भोपळा फुटून त्रेसष्ट ठिपके झाले. महान विदुषी गेली. त्रेसष्ट बायका उरल्या, बहुतेक एकमेकींना न ओळखणाऱ्या.

परिषदेत मी सगळी फजिती सांगून टाकली. एक्केचाळीस नवऱ्यांवर सभागृह खदखदून हसलं. मग एका वयस्क प्राध्यापिकेने विचारलं, "तो शेवटचा रकाना कोणी भरला?"

मी तिसऱ्या रांगेकडे बोट केलं.

"बसूनच सांगते, गुडघे धरलेत," म्हणत लल्लांनी सुरुवात केली. चाळीस मिनिटं बोलल्या. त्यातली वीस माझ्या भाषणासाठी राखलेली होती. नंतर प्रश्नांचा पाऊस पडला. मला एकही आला नाही. फक्त एकाने कोट कुठे शिवला ते विचारलं.