गेलेल्या माणसाचं लॉगिन

चाकणच्या ज्या कारखान्यात मी सर्व्हर सांभाळते, तिथे गाड्यांच्या सीटचे लोखंडी सांगाडे बनतात. पिंपळे गुरवहून कंपनीच्या बसने जाते. माझी खोली म्हणजे स्टोअरच्या मागचा काचेचा कप्पा. आत एसी सतत चालू असतो, म्हणून उन्हाळ्यात लोक काही ना काही निमित्त काढून येतात. एरवी माझ्या कामाकडे कुणाचं लक्ष जात नाही. लक्ष गेलं तर समजायचं, काहीतरी बिघडलंय.

त्या सोमवारी माल रवाना करणाऱ्या डिस्पॅचचे दादा माझ्या आधीच दारात उभे होते. हे जवळच्याच गावातले, त्यांची थोडी जमीन एमआयडीसीत गेली, तेव्हापासून कंपनीत.

“ताई, मालावरची लेबलं निघंनात,” ते म्हणाले. “आन् फायलींची नावं भलतीच दिसत्यात.”

मी पर्स खांद्याला तशीच ठेवून स्क्रीनसमोर बसले. फाइलींच्या नावांपुढे कसलीशी अक्षरं चिकटली होती. एक उघडायला गेले, उघडली नाही. दुसरी, तिसरी, तेच. प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटा निरोप ठेवलेला होता, अगदी नम्र इंग्रजीत: तुमचा डेटा आमच्याकडे कुलूपबंद आहे, बोलायचं असेल तर या पत्त्यावर बोला. घरी कुणी नसताना येऊन सगळी कपाटं बंद करून किल्ल्या नेल्या आणि वर दारावर चिठ्ठी लावली, तसं वाटलं.

प्लांट हेड साहेब आले. हा माणूस आवाज चढवत नाही. काळजी वाटली की उलट आणखी हळू बोलतो. त्या दिवशी त्यांचं बोलणं ऐकायला मला पुढे वाकावं लागलं.

“बॅकअप आहे ना, मॅडम?”

“आहे, सर. रोज रात्री अख्ख्या सर्व्हरची प्रत बॅकअपच्या वेगळ्या पेटीत जाते. तिचा पासवर्ड वेगळा आहे. ती शाबूत आहे, मी आत्ता पाहिली.”

“मग लावा. दुपारच्या गाड्या गेल्या नाहीत, तर कस्टमरच्या कारखान्यातली लाइन थांबेल.”

हे काम मी आधीही केलेलं होतं, सरावासाठी. पेनड्राइव्हवरून सर्व्हर चालू करायचा, बॅकअपचं सॉफ्टवेअर विचारतं कुठली प्रत हवी, आपण बोट ठेवायचं आणि वाट बघायची. जुनं सगळं पुसलं जातं आणि त्या जागी परवाचा, कालचा, जसा असेल तसा सर्व्हर परत उभा राहतो. मी शनिवारची प्रत निवडली. रविवारी काम बंद होतं, त्यामुळे काहीच जाणार नव्हतं. निळी पट्टी सरकत राहिली. दादा दोनदा चहा ठेवून गेले, दोन्ही गार झाले.

जेवणाच्या सुट्टीआधी सर्व्हर उभा राहिला. लेबलं निघाली. डिस्पॅचमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्याचं ऐकू आलं. साहेब काचेबाहेरून हात वर करून गेले. मीही डबा उघडला.

दुसरा घास हातात होता तेव्हा स्क्रीनवरचं एक नाव माझ्या डोळ्यांदेखत बदललं. मग त्याच्या खालचं. मग त्याच्या खालचं. कुणी घाई करत नव्हतं. एकेक ओळ सावकाश घेत वरून खाली येणं चाललं होतं. माऊसला हात कुणाचाच नव्हता. मी उठून नेटवर्कची वायर उपटली, मग सर्व्हरच बंद केला. खोलीत फक्त एसीचा आवाज राहिला.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीवर बसले. “म्हणजे ते आपणच परत आणलं?”

“हो. शनिवारच्या प्रतीत फाइलींना कुलूप लावणारं सॉफ्टवेअर आधीच बसलेलं होतं. वेळ लावून.”

“आणि शुक्रवारच्या?”

तेच मला कळत नव्हतं. ते किती मागे गेलंय, हे कोण सांगणार? पेटीत रांगेने प्रती होत्या, प्रत्येकीपुढे हिरवी खूण, आणि त्यातल्या कुठल्या प्रतीत काय दडलंय याचा भरवसा नव्हता. एका वेगळ्या लॅपटॉपवर, कशालाही न जोडता, मी शनिवारची प्रत नुसती उघडली. पूर्ण न लावता आत डोकावता येतं. कोण कधी आत आलं, याच्या नोंदी चाळू लागले.

एक लॉगिन पहाटेच्या वेळी पुन्हा पुन्हा दिसत होतं. नाव वाचलं आणि मी दादांना हाक मारली. का मारली, सांगता येणार नाही. एकटीने ते बघायचं नव्हतं, एवढंच.

ते नाव स्टोअरच्या काकांचं होतं. काका आमच्याकडे स्टोअरचं सगळं बघायचे. गेल्या वर्षी, दिवाळीच्या आधी, हृदयविकाराने गेले. कस्टमरला जाणारे काही रिपोर्ट त्यांच्या नावावर लावलेले होते, ते बंद पडू नयेत म्हणून त्यांचं खातं चालूच ठेवायचं वरून ठरलं होतं.

दादा आणि काका रोज एका टेबलावर जेवायचे. दादांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, मग काढून घेतलं.

“ताई, ह्यो तर गेला. आमी खांदा दिलाय.”

“हो, दादा. कुणीतरी त्यांच्या नावाने आत येतंय.”

त्यांनी ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, “पहाटं यायची त्याला सवय न्हवती. लई झोपायचा.”

मी मागच्या, आणखी मागच्या प्रती उघडत गेले. पेटीतल्या सगळ्यात जुन्या प्रतीतही काका पहाटे येत होते.

एकच जागा उरली. राजगुरुनगरला कंपनीचं छोटं गोदाम आहे. तिथल्या कपाटात मी अधूनमधून एक डिस्क नेऊन ठेवते, कारखान्याला आग लागली तर असावी म्हणून. दादा म्हणाले, “चला, माझी गाडी हाय.” नाशिक रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली होती. मी मनात एकच विचार घोळवत होते: तिथेही ते असलं, तर आम्हाला त्या निरोपाच्या पत्त्यावर बोलून ते मागतील ते पैसे मोजावे लागतील.

डिस्क मांडीवर घेऊन परत आले. संध्याकाळ व्हायच्या आत लॅपटॉपला लावली. काकांच्या खात्यावरची शेवटची नोंद शोधली. ती त्यांच्या शेवटच्या कामाच्या दिवसाची होती, शिफ्ट सुटण्याच्या वेळची. त्यानंतर रिपोर्टांच्या आपोआप होणाऱ्या नोंदी सोडल्या, तर काही नाही. पहाटेचं एकही येणं नाही.

दादा मागे उभे होते. “हा त्योच,” ते हळूच म्हणाले. “ह्या टायमाला निघायचा. मला हाक मारून.”

सर्व्हर त्या जुन्या प्रतीतून उभा केला, बाहेरच्या जगाशी न जोडता. रिपोर्ट दुसऱ्या खात्यावर लावले, काकांचं खातं बंद केलं, प्रत्येकाचा पासवर्ड बदलला. शनिवारच्या प्रतीतून फक्त चलनांचा आणि मालाचा डेटा घेतला, तोही तपासून, चिमट्याने उचलावा तसा. दुसऱ्या दिवशी लेबलं निघाली. दुपारच्या गाड्या एक दिवस उशिरा गेल्या. साहेबांनी कस्टमरला फोनवर काय सांगितलं ते मी विचारलं नाही. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पुढचे कितीतरी दिवस मी जेवताना स्क्रीनकडे तोंड करून बसत होते.

तक्रार दिली. सायबर पोलिसांच्या अधिकाऱ्याने सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, “बघा मॅडम, हे लोक आत शिरून आठवडेच्या आठवडे नुसते बसून असतात. घाई नसते त्यांना.” पासवर्ड कुठून मिळाला, ते आजवर कळलेलं नाही. डेटा तपासून घेतला, पण सगळं तपासलं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. साहेबांनी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं.

बंद खात्यावर कुणी यायचा प्रयत्न केला, तर त्याचीही नोंद होते. मी सकाळी आले की आधी तीच बघते. बहुतेक दिवस काही नसतं. काही दिवस असतं, पहाटेची एखादी ओळ, काकांच्या नावाची, आणि पुढे ‘नाकारले’.

दादा सकाळी लेबलांचा रोल घ्यायला येतात, तेव्हा दारातच थांबतात.

“आज आलता का?”

आला असेल तर मी हो म्हणते. ते रोल उचलतात आणि डिस्पॅचला जातात.