मागावर सोडलेली टोकं

मी पवनी सोडली त्या सकाळी माझ्या बोटांना राख होती. नागपूरला नेणारी जीप दारात उभी, ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवतोय, आणि मी बाबांच्या हातमागासमोर मांडी घालून धागे सांधत बसलेली. आमच्या घरी हे काम माझ्याकडे असायचं. विणून झालेलं लुगडं कापून घ्यायचं, पण मागच्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, वीतभर टोकं ते ज्यातून ओवलेले असतात त्या फणीत तशीच सोडायची. मग नव्या ताण्याचा एकेक धागा त्या एकेका टोकाला पीळ देऊन जोडायचा. पीळ घसरू नये म्हणून बोटांना चुलीतली चाळलेली राख लावायची. हजारावर धागे असत. याला आम्ही सांधणी म्हणायचो. त्या दिवशी चाळीसेक धागे राहिले होते आणि तेवढे संपवूनच उठावं असं माझ्या मनात होतं.

"ऊठ आता," बाबा म्हणाले. "हे काम कोनाचंच संपत नाही."

आईने तळहातावर दही ठेवलं. हात धुवायलाही वेळ नव्हता. ते दही मला राखट लागलं, आणि तशीच तोंड पुसत मी जीपमध्ये बसले. मागे वळून पाहिलं तर बाबा दारात नव्हते. आत बसून ते उरलेले धागे स्वतःच्या जाड बोटांनी जोडत असणार, हे मला जीपमधूनही कळत होतं.

सांधणीला माझी बोटं चालायची, पण मागावर बसायची मला सक्त बंदी होती. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. बाबांचं ठरलेलं वाक्य होतं, "या खड्ड्यात पाय गेला की मानूस बाहेर येत नाही." धाकट्या दिनूलाही तीच तंबी. मी लहानपणी एकदा गुपचूप खड्ड्यात उतरले तर आयुष्यातला पहिला आणि शेवटचा मार खाल्ला. त्या बंदीची फळं गोड निघाली, नाही म्हणायला जागाच नाही. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, आणि आता अकरा वर्षं मी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. सकाळी सात राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, ओलांडून ऑफिस, संध्याकाळी तेच सात उलटे. पाय कुठल्याही खड्ड्यात नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये दिनूचा फोन आला. बाबांचा उजवा हात थरथरू लागला होता आणि त्यांनी विणणं थांबवलं होतं. मागावर एक सुती लुगडं होतं, साध्या काठाचं, दोनेक हात विणायचं राहिलेलं. आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि घरात बाबा एकटेच मागाच्या खोलीत वावरायचे. त्यात एकदा खड्ड्यात पाय घसरून पडले. दिनूला खड्डा बुजवून वर टाइल्स घालायच्या होत्या, आणि त्याचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. बाबांचा हट्ट एवढाच की लुगडं पुरं झाल्याशिवाय माग मोडायचा नाही. पुरं करणार कोण? गल्लीतले विणणारे कुणी नागपूरला वॉचमन झालेत, कुणी ऑटो चालवतात.

"मी करीन," मी फोनवर म्हणाले. "डिसेंबरात येते. तोपर्यंत शिकते."

बाबा बराच वेळ हसले. मग म्हणाले, "ये. दिनूले सांगतो, गवंड्याले थांबव."

शिकायचं कुठे, तर इथेच, दर शनिवारी, शेजारच्या गावातल्या व्हिलेज हॉलमध्ये. जुन्या पद्धतीची सूतकताई, रंगाई आणि विणाई. शिकवणारी जिलियन सत्तरीची, निवृत्त शाळामास्तरीण, स्वभावाने लोण्याहून मऊ. पण तिचा नियम असा की सगळं मुळापासून शिकायचं. पहिल्या शनिवारी तिने माझ्यासमोर मेंढीची न धुतलेली अख्खी लोकर टाकली, लेंड्यांसकट. मला लुगड्याचे दोन हात विणायचे होते आणि ही बाई मला मेंढीपासून सुरुवात करायला लावत होती!

एप्रिल गेला लोकर धुण्यात आणि पिंजण्यात. मे आणि जून टकळीवर. टकळी फिरायची, धागा तुटायचा, टकळी माझ्या पायावर आपटायची. जो काही धागा निघाला तो इथे शेवईसारखा बारीक तर पुढे सुतळीएवढा जाड. जिलियन तो उजेडात धरून म्हणायची, "ओह, लव्हली! इट्स गॉट कॅरेक्टर!" जुलैत कांद्याच्या साली उकळून रंग केला. सगळ्यांच्या लडी पिवळ्याधमक निघाल्या, माझी निघाली गढूळ पाण्याच्या रंगाची. लव्हली. मी कोष्ट्यांच्या घरातली आहे हे पहिल्याच दिवशी बोलून बसले होते, ती माझी चूक. त्यानंतर जी बाई भेटेल ती म्हणायची, "इट मस्ट बी इन युअर ब्लड." डॉक्टरच्या मुलीला कुणी न शिकवता ऑपरेशन करायला उभं करतं का?

चहाच्या वेळी या बायका सांगायच्या की विणताना मन कसं शांत होतं. मी मान डोलवायची. आमच्या घरी विणून कुणाचं मन शांत झालेलं मला आठवत नाही. बाबांची कंबर धरायची, आई सुताच्या कांड्या भरता भरता चिडायची, आणि धागा तुटला की सगळं घर मुकं व्हायचं.

सप्टेंबरात एकदाची मागावर बसले. इथला माग टेबलाएवढा उंच, खुर्चीत बसून विणायचा, खड्डा नाही. सुती ताणा लावून हातभर रुंदीचं कापड धरलं. पहिल्या चार बोटांत ते आत ओढलं जायला लागलं, आणि वीतभर विणेपर्यंत हातभराचं पाऊण हात झालं. डावा काठ तर चावून खाल्ल्यासारखा. आडवं सूत नेणारा धोटा परत येताना मी सूत खेचते हे मला समजत होतं. समजूनही हात ऐकत नव्हता. ऑक्टोबर संपेपर्यंत एकच टॉवेल झाला आणि त्याला टॉवेल म्हणणं हा माझा मोठेपणा होता.

त्या टॉवेलनेच माझी फजिती केली. तो मी कापून घेतला, आणि माग दुसऱ्या कुणाला द्यायचाय हे माहीत असल्यामुळे मागची टोकं फणीत नीट सोडली. वीस-वीसचे झुबके करून सैल गाठी मारल्या, म्हणजे पुढच्याने आल्या आल्या सांधायला बसावं. आई म्हणायची, रिकामा माग कुणाला देऊ नये. या देशात आल्यापासून इतक्या मनापासून मी कुणासाठी काही केलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मागावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. "प्लीज क्लिअर द लूम आफ्टर यूज. थँक यू!" शेजारी हसरा चेहरा. माझ्यानंतरची पाळी कीथची होती. त्या बिचाऱ्याने अख्खी सकाळ माझी टोकं उपसून काढण्यात घालवली होती, आणि ती सगळी कचऱ्याच्या पिशवीत गेली होती.

मी जिलियनला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने फार आपुलकीने ऐकलं. एका चिंधीवर दोन धागे सांधून दाखवले तेव्हा तिचे डोळे मोठे झाले. "दॅट्स मार्व्हलस," ती म्हणाली, "बट कीथ्स डूइंग अ वूल स्कार्फ, यू सी." खरंच होतं. त्याची लोकर, माझं सूत. त्याचे धागे दोनशे, माझे चारशे. इथे प्रत्येकाचं कापड निराळं आणि प्रत्येकजण कोऱ्या मागावर पहिल्यापासून सुरू करतो. आमच्या घरी आजोबांपासून तेच लुगडं, तीच फणी, तेवढेच धागे, म्हणून ती टोकं कामाची. एकही माणूस चुकलेला नव्हता आणि तरी मी कार पार्कमध्ये जाऊन स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. मला साधी एकच गोष्ट येत होती, आणि तिचा इथे कुणाला उपयोग नव्हता.

डिसेंबरात पवनीला गेले. हातात दहा दिवस होते. पहिल्याच सकाळी आंघोळ करून मागाशी उभी राहिले. बाबांनीच खड्ड्याकडे हात केला. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मी त्या खड्ड्यात पाय सोडले. तळाची माती थंड होती आणि बाबांच्या टाचांनी तिथे दोन खळगे पडले होते. माझे पाय त्यांत पोचत नव्हते.

मी चार बोटं विणलं. बाबा शेजारी स्टुलावर बसून थरथरता हात दुसऱ्या हाताने दाबून धरत होते. वाकून त्यांनी काठावरून बोट फिरवलं.

"उसव."

उसवलं. पुन्हा विणलं. "उसव." दुपारपर्यंत जिथे होते तिथेच. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी ते बघायचेही थांबले. डोळे मिटून बसायचे, आणि सूत ठोकून बसवणारा हात्या आपटला की त्या आवाजावरून सांगायचे, "डावीकडं वढून राहिली तू. उसव." सातव्या दिवशी, आठ महिने लव्हली ऐकून पिकलेल्या माझ्या कानांना ते सहन झालं नाही. मी धोटा खाली आपटला.

"तेव्हा काऊन नाही शिकवलं? सात वर्षांची होती मी. तेव्हा शिकवलं असतं तर आज उसवावं लागलं नसतं!"

बाबांनी वाकून धोटा उचलला. "शिकवलं असतं तर तू आज इथंच असती," ते म्हणाले.

त्यांचं खरं होतं. पण मला त्यांचा राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही, हेही खरं. तुम्ही जे तिकडे राहिलात आणि ज्यांनी आम्हांला धाडलं, त्यांना एकदा सांगायचंच होतं. तुम्ही आमच्या भल्यासाठी दार लावून घेतलंत, आम्ही बाहेर पडलो, सुखात आहोत. पण ते दार आता बाहेरून कसं उघडतं ते आम्हांला कळत नाही, आणि तुमचेही हात आता कापतात. माझ्यासारखे जे इकडे आलात, त्यांनी मला सांगावं की तुमचं असं काही राहून गेलेलं नाही. मी विश्वास ठेवणार नाही.

दहा दिवसांत जेमतेम एक हात विणलं गेलं. गवंडी ठरल्या दिवशी आला. दिनू ओशाळून अंगणात उभा होता आणि गवंडी सिमेंटच्या पोत्यावर बसलेला. बाबांनी कात्री मागवली. मी म्हटलं मी कापते, तर त्यांनी मान हलवली. हात इतका कापत होता की कात्री धाग्यांवर टकटक वाजत होती, पण कापलं त्यांनीच. हातभर तोकडं लुगडं. नेसायला कुणालाच पुरणार नाही असं. आणि कापताना फणीच्या अलीकडे-पलीकडे वीतभर टोकं सोडली त्यांनी. वीस-वीसचे झुबके, सैल गाठी.

"आता कायले सोडली, बाबा?" दिनूने विचारलं. "माग तर मोडून राहिलो."

 बाबांनी फणी आणि तिच्यामागचे, ताण्याचे धागे उचलणारे दोऱ्यांचे फास, सगळं टोकांसकट जुन्या धोतरात गुंडाळलं आणि माझ्या बॅगेशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं. नागपूर विमानतळावर ते गाठोडं गोल्फच्या काठ्या आणि सर्फबोर्ड देतात त्या काउंटरवर द्यावं लागलं. ऑफिसरने विचारलं, काय आहे? मी म्हटलं, फणी. त्याने माझ्या केसांकडे पाहिलं.

आता आमच्या गॅरेजमध्ये एक जुना रुंद माग आहे. एका म्हाताऱ्या बाईच्या शेडमधून उचलून आणलेला, नवऱ्याने दोन ठिकाणी करवत लावून बाबांची फणी त्यात बसवून दिली. कारला आता बाहेर पावसात उभं राहावं लागतं. जानेवारी-फेब्रुवारीचे सगळे शनिवार-रविवार मी तिथे हीटर लावून सांधत बसले. चूल नाही, म्हणून देवघरातली उदबत्तीची राख चाळून घेतली. बोटांना चंदनाचा वास यायचा, जो आमच्या मागाला कधीच नव्हता. माझी मुलगी ईरा दारातून डोकावून म्हणाली, "आई, नवीन थ्रेड डायरेक्टली का नाही लावत? मच क्विकर." मी म्हटलं, बस इथे, दाखवते. तिने अकरा धागे सांधले आणि कंटाळून गेली. त्यातले सात निसटले, ते मी पुन्हा केले. पण चार टिकले.

गेल्या रविवारी सकाळी पहिल्यांदा विणायला घेतलं. बाबांना फोन लावला आणि मागावर ठेवला. व्हिडिओ त्यांना नको असतो, डोळ्यांना नीट दिसत नाही. तिकडे दुपार होती. टाइल्सवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, म्हणजे ते त्याच खोलीत बसले होते. मी विणायला लागले. धोटा, पावडी, हात्या. धोटा, पावडी, हात्या. चार बोटं झाली. काठ मला बरा दिसत होता. जिलियनने बघितला असता तर टाळ्या वाजवल्या असत्या, आणि साडेचार हजार मैलांवरून फोनवर माझे बाबा नुसते श्वास घेत होते.

मला कुणी विचारलं की आता घर कुठे, तर मी पत्ता सांगते आणि पोस्टकोडही सांगते. पवनीत मागाच्या जागी टाइल्स आहेत, त्यांवरून चालताना पाय आपोआप थबकतो एवढंच. इथल्या लोकांनी माझ्या कशालाच वाईट म्हटलं नाही. अकरा वर्षांत माझ्या कुठल्याही वेड्यावाकड्या गोष्टीला इथे कुणी नाव ठेवलेलं नाही, आणि मला त्याचा किती थकवा आला होता ते त्या रविवारी हात्या आपटताना कळलं.

"डावीकडं," बाबा म्हणाले.

"हो."

"उसव."

मी उसवायला घेतलं. फोन त्यांनी ठेवला नाही.