डावा पाय भुरीचा

जसोदाबाईच्या घरात भर मे महिन्यातही दुपारी पंखा बंद असतो. नंदुरबारचं ऊन ज्यानं सोसलंय त्याला ही बाई वेडी वाटेल. पण पंखा लावला की सगळे पाय उडून जातात, त्याला ती काय करणार? पाय म्हणजे नाकतोड्याचे. परदेशातली हौशी माणसं गळाला खरा किडा न लावता पिसांचा आणि दोऱ्याचा खोटा किडा लावून मासे धरतात. त्यातल्या नाकतोड्याचे मागचे पाय जसोदाबाई टर्कीच्या पिसांपासून बनवते. पिसातले दोन-तीन तंतू ओल्या बोटानं एकत्र करायचे, क्रोशाच्या बारीक सुईनं वळसा घालायचा आणि गाठ ओढायची. गाठ म्हणजे गुडघा. वर मांडी, खाली नडगी. जास्त ओढलं तर तंतू तुटतो आणि कमी ओढलं तर गुडघा लुळा पडतो. मासा खुळा असेल, गिऱ्हाईक खुळं नसतं.

हे काम तिनं एकटीनं कधी केलंच नव्हतं. ती आणि शेजारची भुरीबाई आधी मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला जात. संध्याकाळी भाकरी थापताना बोटांची नुसती आग व्हायची. माल गोळा करणाऱ्या हेमकांतनं पहिल्यांदा पिसं आणून दिली, तेव्हा दोघींनी पथारीला जो रामराम ठोकला तो कायमचा. भुरीबाई होती डावखुरी. तिची गाठ उलटी पडे आणि गुडघा दुसऱ्या बाजूला वळे. म्हणून उजवे पाय जसोदाबाईचे आणि डावे भुरीचे, अशी वाटणीच पडली. दोघी समोरासमोर बसत, मधे पितळी ताट. ताटात जोडीनं पाय पडत आणि तोंडानं साऱ्या गल्लीची उणीदुणी निघत.

दिवाळीनंतर भुरीबाई काविळीनं गेली. ती बसायची ती गोधडी भिंतीशी घडी घालून तशीच राहिली. तिला कुणी हात लावायचा नाही, असा जसोदाबाईचा कायदाच होता.

पुढचा माल तिनं एकटीनं केला, तो सगळाच्या सगळा उजव्या पायांचा. चुकून नव्हे. सुई उलटी फिरवून डावा पाय तिलाही जमला असता, वेळ लागला असता एवढंच. पण डावा पाय भुरीचा. तो आपण केला की भुरी खरोखरच गेली, असं तिच्या मनानं घेतलं होतं, आणि मनाला कोण समजावणार?

हेमकांत पाकीट परत घेऊन आला.

"मावशी, या सम्दा पाय एकच बाजूना शेतस. असा नाकतोडा पानीमा गोल गोल फिरी." त्यानं पाकीट ताटाशेजारी ठेवलं, मग बोलला, "पुढला मालमा जोडी नही व्हयनी तर काम दुसरीकडे जाई. मन्हा इलाज नही."

काम गेलं तर पुन्हा पथारी, हे जसोदाबाईला कळत होतं. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. काम गेलं की ताट उचलावं लागेल, गोधडी उचलावी लागेल. भुरीचं जे काही उरलं होतं ते त्या दोन हात जागेत होतं.

आता गंमत बघा. याच घरातली सून योगिता, अक्कलकुव्याकडची, तीही डावखुरी. लग्न होऊन आली त्या दिवशी तिनं डाव्या हातानं वाढायला घेतलं आणि सासू कडाडली, "डावा हात मांगे ठेव! आपला घरमा अशी रीत नही." तेव्हापासून पोरगी उजव्या हातानं धडपडत होती. वरण सांडायची, भाकरी फाटायची, आणि जसोदाबाई शेजारणींना सांगायची की आमची सून म्हणजे नुसती धांदरट. मैत्रिणीच्या डाव्या हाताचं कौतुक आणि सुनेच्या डाव्या हाताचा तिटकारा, दोन्ही एकाच डोक्यात सुखानं नांदत होती.

एका दुपारी जसोदाबाई बाजारातून आली तर दार लोटलेलं आणि पंखा बंद. ताटापाशी योगिता बसली होती, गोधडीवर नव्हे, शेजारच्या उघड्या फरशीवर, अंग चोरून. डाव्या हातात सुई. सासूला पाहताच तिनं तो हात पाठीमागे लपवला.

"काय करी ऱ्हायनी?" जसोदाबाईच्या ओठांवर शिवीच आली होती.

"काही नही, आत्याबाई. दखी दखी शिकनू. एक करी दखा, बस."

ताटात एकच पाय होता. जसोदाबाई खाली बसली. परत आलेल्या पाकिटातला आपला एक पाय काढून तिनं त्याच्याशेजारी ठेवला. एक गुडघा या बाजूला वळलेला, एक त्या बाजूला. जोडी जमली होती.

भुरीला नेलं तेव्हा ती रडली नव्हती. दिवस घातले तेव्हाही नाही. आता मात्र पदर तोंडात कोंबून रडली. भुरीसाठी रडली, आणि पाठीमागे लपलेल्या त्या हातासाठीही. आपण या पोरीला काय काय बोललो ते सगळं तिला एकदम आठवलं आणि लाज वाटली.

मग तिनं डोळे पुसले, उठून गोधडी घेतली आणि सवयीनं जोरात झटकली. ताटातले दोन्ही पाय उडाले. सासू-सून दोघी फरशीवर रांगत ते शोधू लागल्या. सापडल्यावर जसोदाबाईनं ताटापलीकडे गोधडी पसरली.

"फरशी तापेल शे. आठे बठ."

संध्याकाळी मुलगा, उमाकांत, रिक्षा लावून जेवायला बसला. योगितानं वरणाचा डाव उजव्या हातात घेतला.

"तो हात ऱ्हाऊ दे, पोरी," जसोदाबाई म्हणाली. "डावा ले."

उमाकांत घास हातात धरून आईकडे बघत राहिला. योगितानं हात बदलला. एक थेंब सांडला नाही.