काचेवर आलेलं विलासशेठचं नाव

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलोय. भातसानगरला वायरमन आहे मी; करंट आहे की नाही, एवढंच मला कळतं. तरी हे लिहितोय, कारण गावात या प्रकाराची जी भक्तिभावाची कहाणी झालीय, ती ऐकून माझं डोकं फिरतं.

शहापूरच्या बाजारामागे पत्र्याच्या छपराचं एक टॉकीज होतं. नाव लिहीत नाही, शहापूरवाले ओळखतील. माझे वडील, अप्पा, तिथे पिक्चरचं मशीन चालवणारे ऑपरेटर. पण त्यांना लोक ओळखायचे ते काचेमुळे. पिक्चर चालू असताना कुणाला घरून बोलावणं आलं, की अप्पा काचेचा तुकडा रॉकेलच्या चिमणीवर धरून काळा करायचे, सुईने त्यावर नाव कोरायचे आणि पडद्यावर टाकायचे — 'आसनगावचे बाळाराम यांनी ताबडतोब बाहेर यावे.' बायको बाळंत झाली, म्हातारा गेला, धरणावर ड्युटी लागली... नाव आलं की माणूस उठायचा. उठला नाही तर डोअरकीपर दगडूमामा बॅटरी घेऊन त्याला शोधायचा.

एकदा रीळ तुटलं म्हणून एका ठेकेदाराने अप्पांच्या कानाखाली वाजवली. अर्ध्या तासात त्याच्याच घरून निरोप आला. अप्पांनी नीट अक्षरात काच लिहिली. आई घरी भडकली, तर म्हणाले, "नाव आलं की टाकायचं गो. मानूस कोन ते आपून बघायचं नाय."

२००३ मध्ये टॉकीज बंद पडलं. मालकाच्या मुलाने, विलासने, आजारी अप्पांच्या खाटेशी बसून शब्द दिला, "अप्पा, मशीन हलवनार नाय. हॉल गावाला राहील, नाटकाला, लग्नाला." आम्ही त्यासाठी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या. अप्पा गेले, आणि तेराव्याच्या आत मशीन भंगारात! पाठोपाठ पाडकाम सुरू.

भर दुपारी मी तिथे गेलो. मजूर जेवायला गेले होते. मशीनच्या केबिनच्या भिंतीखाली, शेवटच्या रांगेत विलास नकाशा पसरून बसला होता, दारात दगडूमामा. मी म्हटलं, "मरत्या माणसाला शब्द देताना लाज नाय वाटली?"

"तुझ्या बापाचं टॉकीज होतं का रे?" तो म्हणाला.

मी त्याची कॉलर धरणार, तेवढ्यात फाटक्या पडद्यावर उजेड आला. त्यात डावीकडे झुकलेलं अप्पांचं अक्षर — 'विलासशेठ यांनी ताबडतोब बाहेर यावे.'

दगडूमामा सवयीने पुढे आला. "शेठ, नाव आलंय तुमचं. उठा." आणि विलास उठला. दाराकडे चालू लागला. मी शिव्या देत त्याच्या मागे. आम्ही दारात पोचलो आणि केबिनची भिंत त्या खुर्चीवर बसली. नकाशा खालीच गाडला गेला.

आता कुणी म्हणेल, पत्र्याच्या भोकातून ऊन आलं असेल. मीही तेच म्हणून पाहिलं. पण उन्हाला लिहिता येत नाही. लाइनची वायर मीच त्याच्या महिनाभर आधी खांबावरून सोडवली होती. केबिनमध्ये मशीन नव्हतं, दिवा नव्हता, चढायला शिडीसुद्धा नव्हती. पाहिलं तिघांनी. दगडूमामा शेवटपर्यंत शपथेवर सांगायचा.

टॉकीज आठवड्यात सपाट झालं. तिथल्या शॉपिंग सेंटरच्या ऑफिसात विलासने अप्पांचा फोटो लावलाय, रोज हार घालतो. लोक मला म्हणतात, केवढा मोठ्या मनाचा बाप तुझा! मी तिथून तडक निघून येतो. विलास मरावा असं मला तेव्हाही वाटत नव्हतं, आजही नाही. पण राग जात नाही, आणि तो फक्त विलासवर नाही.

उजेड कुठून आला, मला आजही सांगता येत नाही; सांगता आलं तर कृपया कळवा. मला मात्र वेगळंच विचारायचंय, आणि तेही अप्पांना. अप्पा, विलासचं नाव तुम्ही टाकलंत, ठीक. पण त्याखाली 'पाडू नका' एवढं तरी लिहायचं होतंत. काचेवर जागा होती.