अकरा नंबरचं उरलेलं

टेलर मास्तर एका डुकरावर जळत होते. चारचौघांत सांगायची सोय नव्हती, पण खरं होतं.

चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेल्या या माणसाच्या हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या चरबी साचून अरुंद झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, आत जाळीची बारीक नळी बसवू, रस्ता मोकळा होईल. मास्तरांनी "बघू" म्हणून दुकान बंद केलं आणि आठ महिने घरी बसून नुसतं बघतच राहिले. भीती वाटते, हे कबूल करणं त्यांना कुठलं जमायला!

आणि मास्तरीणबाईंची नोकरी कुठे? तर असल्या नळ्या आधी डुकरांत बसवून पाहतात, त्या प्रयोगशाळेत. डुकरांना महिनोन् महिने लोण्या-अंड्याचं खाणं घालायचं, माणसासारख्या त्यांच्याही रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की नळी बसवायची. त्यांना खाऊ घालणं आणि रोज उरलेलं तोलून वहीत लिहिणं, हे बाईंचं काम. म्हणजे डुकराला लोणी आणि नवऱ्याला बिनमिठाचा उकडलेला भोपळा!

तेही मास्तरांनी गिळलं असतं. पण गेले चार महिने घरी आल्या की बाईंच्या तोंडी एकच, अकरा नंबर.

"अकराने आज पुन्हा तसंच टाकलं हो. तासभर बसले त्याच्यापाशी."

"मी ताटात टाकलं तर कळतं का तुला?" मास्तर फणकारले.

"कळतं," एवढंच म्हणून त्या भांडी घासायला लागल्या.

एके दिवशी बाई चष्मा विसरून गेल्या, म्हणून मास्तर तो द्यायला गेले. रखवालदार ओळखीचा, त्याने आत सोडलं. पाहतात तर बाई अकरा नंबरचा कान खाजवत म्हणत होत्या, "खा रे राजा, एवढा घास." मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्नानंतर पहिलं वर्षभर तो 'राजा' त्यांच्या वाट्याला आला होता. नंतर तो कुठे गेला, ते आज कळलं.

बाई चष्मा लावून वजनकाटा आणायला गेल्या. मास्तरांनी कठड्यावरून हात घातला आणि मूठभर खाणं तोंडात कोंबलं. भुस्सा! लोण्यात कालवलेला नुसता भुस्सा. एवढ्यासाठी चार महिने जीव जाळला? त्यांनी घमेलं उचलून उरलंसुरलं मोरीत ओतलं, वर पाणी सोडलं आणि तरातरा घर गाठलं.

संध्याकाळी बाई आल्या त्या हसतच. "तीन दिवसांनी अकराने सगळं खाल्लं! आमचे डॉक्टर म्हणाले, तब्येत सुधारली, उद्या सकाळीच टेबलावर घेऊ. तुम्हाला बसवायची तसलीच नळी. तो उठून उभा राहिला ना, की मग मी तुमचं काही ऐकायची नाही."

मास्तरांचा घास हातातच राहिला. उपाशी, आजारी जनावर उद्या टेबलावर जाणार. मेलं तर नळीच्या नावाने बोंब होईल, आपण कायमचे सुटू, आणि राजाही जाईल. क्षणभर त्यांना बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

"त्याने खाल्लं नाही," ते म्हणाले. "मी मोरीत ओतलं. आणि एक मूठ मीच खाल्लं."

बाईंनी आधी डॉक्टरांना फोन केला. मग फळीवरच्या डब्यांमागून एक वही काढून मास्तरांपुढे आपटली. प्रयोगशाळेतल्या वहीसारखेच आखलेले रकाने. सकाळ, संध्याकाळ. भोपळा चाळीस ग्रॅम उरला. पोळी अर्धी टाकली. आठ महिन्यांत एक दिवस सुटला नव्हता. पहिल्या पानावरच्या तारखेला अकरा नंबर प्रयोगशाळेत आलाही नव्हता.

मास्तर पानं उलटत राहिले. बाईंनी डोळे पुसले आणि पेन्सिल घेतली. "आजचं काय लिहू? केवढी होती ती मूठ?"

मास्तरांनी मूठ वळून त्यांच्यापुढे धरली.

"एवढी," ते म्हणाले. "आणि माझ्या डॉक्टरांनाही फोन लाव. अकराच्या आधीची तारीख माग."