टाकीवरचा कावळा

समोरच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी आहे. तिच्यावर रोज सकाळी एक कावळा येऊन बसतो. परवा माझ्या चार वर्षांच्या मुलीने, सईने, तो कागदावर काढला. कावळा टाकीएवढाच मोठा, चोच उघडी आणि पाय तीन.

"एक पाय तो वर घेतो ना, तोपण काढला," ती म्हणाली. मी बघतच राहिले.

तेवढ्यात तिचे आजोबा आले. "अगं, हे काय काढलंस? ये, तुला देखावा शिकवतो." त्यांनी तिचा हात हातात धरला आणि दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, सगळं गिरवून घेतलं. आमच्या सपाट सोलापुरात डोंगर औषधालाही सापडायचा नाही. तरी घरी येणारा प्रत्येक जण कागद दिसला की हेच दोन डोंगर काढून जातो! मलाही कुणीतरी असंच शिकवलं असणार. फोनवर बोलताना हातात पेन असलं की अजून डोंगरच उमटतात. बरं, सगळे करतात ते प्रेमानं, त्यामुळे बोलायचीही सोय नाही. नुसती चरफडत बसते.

देखाव्याचं कौतुक झालं, तो फ्रिजवर लागला. आज सकाळी कावळा पुन्हा आला, तशी मी कागद आणि रंगीत खडू सईपुढे ठेवले.

"तो बघ तुझा कावळा. काढ ना."

तिने खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. खडू उचलला, मूठ माझ्यापुढे केली आणि म्हणाली, "आई, हात धर ना."