उभ्यानं पढायचा सलाम

महाराष्ट्र नवा नवा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट.

आमच्याकडे बायकांचा मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या आठवणीची बैठक असली की शेवटी त्यांच्या स्तुतीचा सलाम गाऊन पढतात, आणि तो सगळ्यांनी उभं राहून. पैगंबरांच्या अदबीसाठी उठायचं, अशी रीत. तोवर भिंतीला टेकून पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा तेवढ्यापुरत्या गुडघ्यांवर हात देऊन कण्हत उठायच्या. मी मात्र खाली बसून ओढण्यांच्या किनारी पाहत राहायची. कोणाची जरीची, कोणाची उसवलेली, हे माझ्याइतकं गावात कोणाला ठाऊक नव्हतं. लहानपणी ताप आला होता. तो गेला, पण जाताना उजव्या पायातलं बळ घेऊन गेला. भिंत धरून चालायची मी. हात सुटला की पाय दगा द्यायचा.

आवाज मात्र अल्लाहनं हात सैल सोडून दिला होता. शेजारच्या मळ्यात मिरच्या तोडणाऱ्या बाया माझं पढणं ऐकून थबकतात, असं आई सांगायची. आता वाटतं, कंबर सरळ करायला थांबत असतील बिचाऱ्या. पण त्या वयात असलं शहाणपण कुठलं! मी आणखी वरच्या पट्टीत पढायची.

खाला म्हणजे आईची थोरली बहीण. आमचं गाव जानेफळच्या पलीकडचं. तिकडच्या साऱ्या खेड्यांतून मिलाद पढायला तिलाच बोलावणं यायचं. दम्यानं तिचा आवाज फाटत चालला होता. आपली जागा मी घ्यावी, एवढं एकच तिच्या मनात होतं. आमच्या घरी उर्दू, गावात वऱ्हाडी. खाला मला रागवायची ती वऱ्हाडीत.

"यंदाचा सलाम तू पढ," ती म्हणाली.

"उभी कशी राहू?"

"तुले कोन उभी राह्य म्हनते? बसून पढ."

"बाया काय म्हनतील?"

"नमाज कशी पढते तू?"

"बसून."

"मंग? नमाज बसून कबूल होते अन् सलाम होत नाही? अल्लाहनं सवलत देली, ते तू काऊन वापस करून राह्यली? लई मोठी लागून गेली!"

बोलणं खरं होतं. पण नमाज मी घरात पढायची. तिथं पाहणारा एकटा अल्लाह, आणि त्याला माझा पाय ठाऊकच होता. मिलादात बघायला येणार सगळा मोहल्ला. माझा आवाज ऐकून बायांनी म्हणावं, "माशाल्लाह, काय पढते," असं मला वाटायचं. "बिचारी, बसून का होईना पढते," असं नको होतं. म्हणून खालाला मी म्हटलं, "पढीन. पण उभ्यानं."

मग मी अक्कल चालवली. शेजारच्या माळीणकाकीकडून बांबूच्या कामट्या मागून आणल्या आणि सलवारीच्या आत, गुडघ्याच्या दोन्ही बाजूंनी चिंध्यांनी आवळून बांधल्या. काकीनं कुंपणावरून पाहिलं.

"अवं, काकडीच्या वेलाले देतो तसा टेका पायाले देऊन राह्यली का?"

"हाव."

"वेल वर चढते, पोरी. तू कुठं चढशीन?"

मी हसले नाही. आता आठवलं की पोट धरून हसते.

मिलादाच्या दिवशी आमच्या घरात बायका आणि बाहेर ओसरीवर पुरुष. मधे दोरीवर पांढरी चादर, तोच परदा. सलामाची वेळ आली. मी भिंत धरून उठले, हात सोडला आणि पहिली ओळ पढले. अशी पढले, की ओसरीवरचं खोकणंही थांबलं. दुसऱ्या ओळीला एक कामटी कडकन मोडली. मी हाताला लागलं ते धरलं. लागला परदा. चादर, दोरी, खुंटी आणि मी, अशी सगळी वरात खाली आली. समोर ओसरीवर गावातले सारे बुजुर्ग! त्यांनी इतक्या लगबगीनं तोंडं फिरवली की दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. बायकांनी मला उचललं. उरलेला सलाम खालानं पढला, धापा टाकत, ओळी तोडत.

त्यानंतर मी मिलादात तोंड उघडलं नाही. खालाकडेही जाईनाशी झाले.

पुढच्या हिवाळ्यात खालानं अंथरूण धरलं. तिचं घर आमच्याच गल्लीत, टोकाला. तिनं आईबरोबर निरोप धाडला, "तिले म्हना, मी पडून ऐकतो, तू बसून पढ. सलाम ऐकायचा हाये मले तिच्या तोंडून."

आई म्हणाली, "चल ना."

मी म्हटलं, "पुढच्या जुमेरातीले जाईन."

मला वाटत होतं, पाय जरा ताठ होऊ दे. या खेपेला मी जाड कामट्या आणल्या होत्या. खालासमोर तरी उभं राहून दाखवायचं होतं मला. जिनं मला कधी उभं राहा म्हटलं नाही, तिलाच! तो गुरुवार उजाडायच्या आत खाला गेली.

चाळिसाव्याला तिच्याच घरी मिलाद झाला. सलाम कोण पढणार म्हणून बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, "मी पढतो. पण बसून."

एक चाची लगेच म्हणाली, "बसून? बेअदबी होते, बाई."

"चाची, मी उठली की परदा पडते. मागच्या टायमाले पाह्यलं ना तुम्ही?"

दोघीतिघी ओढणीत तोंड घालून हसल्या. चाचीलाही हसू आवरेना. मग मी म्हटलं, "नमाज मी बसूनच पढतो. सलामही बसून पढीन. तुम्ही उभ्या राहा." इतकं सोपं होतं ते.

बायका उठल्या. मी पढायला लागले. समोर खालाची बाज होती. ती गेल्यावर कोणीतरी ती बाज उचलून भिंतीला टेकवून ठेवली होती. तीसुद्धा उभी. त्या घरात बसलेली मी एकटीच, आणि पडून ऐकणारं कोणी नव्हतं.